एक माणूस, तीन नोंदी : प्रस्तावना

रुग्णांच्या एका टेबलात तीन ओळी आहेत असे समजा. पहिलीत ‘जाधव सुनीता रमेश’, जन्मतारीख १ जून १९७८, पत्ता पुण्याचा, मोबाइल नंबर भरलेला. दुसरीत ‘सुनीता रमेश जाधव’, जन्मतारीख तीच, मोबाइलचा रकाना रिकामा. तिसरी नोंद रोमन लिपीतली, अकोल्याच्या शिबिरात भरलेली, म्हणून आडनावाच्या शेवटी ‘व्ही’ऐवजी ‘ओ’. विदर्भात जाधव हे आडनाव इंग्रजीत असे लिहिणारी कितीतरी घरे आहेत. पेनिसिलिनची ॲलर्जी असल्याचा शेरा फक्त या तिसऱ्या नोंदीवर आहे. बाई पुढच्या वेळी पुण्यातल्या दवाखान्यात येतील, खिडकीवरचा कर्मचारी आडनाव टाकून शोधेल, त्याला पहिली ओळ सापडेल आणि शेरा तिथे नसेल.

दुबार नोंदी म्हटले की बहुतेकांना अहवालातले फुगलेले आकडे आठवतात, किंवा एकाच घरी गेलेली दोन पत्रे. तो त्रास खराच आहे, पण वरच्या उदाहरणातले नुकसान त्याहून खोल आहे. माहिती कोणीतरी नीट विचारून, नीट लिहून घेतली होती. तरी गरजेच्या क्षणी ती हाताशी नाही. दुबार नोंद माणसाचे तुकडे करते आणि प्रत्येक तुकड्याला वेगळा आयडी देऊन त्याला पूर्ण माणूस म्हणते. हे तुकडे शोधायचे कसे, जोडायचे कसे आणि पुन्हा पडू द्यायचे नाहीत ते कसे, हा या पुस्तकाचा विषय आहे. तिन्ही कामांसाठी ज्या एका साधनाभोवती मी मांडणी केली आहे, ते म्हणजे इंडेक्स.

इंडेक्स आपण शिकतो तो वेगासाठी. क्वेरी रखडली की इंडेक्स टाकायचा, एवढ्यावर बहुतेकांचे शिक्षण थांबते. बोइंगमध्ये काम करणाऱ्या रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्‌क्राइट यांनी १९७० च्या सुमारास बी-ट्री ही रचना मांडली, १९७२ मध्ये त्यांचा लेख प्रसिद्ध झाला, आणि आज पोस्टग्रेस घ्या, मायएसक्यूएल घ्या की ओरॅकल, साधा इंडेक्स म्हणून जो मिळतो तो याच कुळातला. तो आतून पाहिला की लक्षात येते, त्याचा प्राण क्रमात आहे आणि वेग हे त्या क्रमाचे फळ. रकान्यातली मूल्ये क्रमाने लावून पानांवर ठेवलेली असतात आणि त्या पानांकडे नेणारी वरची पाने असतात. एका पानावर ३०० नोंदी मावतात असे धरले तर तीन पातळ्या उतरून २ कोटी ७० लाख नोंदींपैकी हवी ती गाठता येते.

आपल्या कामाची गोष्ट मात्र खालच्या पानांवर घडते. तिथे सारखी मूल्ये शेजारी-शेजारी येऊन बसतात. टेबलात एक ओळ २०११ ची असो आणि दुसरी कालची, दोघींचा मोबाइल नंबर एक असेल तर इंडेक्समध्ये त्या एकमेकींना खेटून असतात. मग प्रत्येक नोंदीची प्रत्येकीशी गाठ घालून पाहावी लागत नाही. एका टोकापासून निघायचे, दुसऱ्या टोकापर्यंत चालत जायचे, आणि प्रत्येक पावलावर फक्त शेजारी पाहायचा. ‘ग्रुप बाय’ लावून एकाहून जास्त वेळा आलेली मूल्ये मागणारी आपली नेहमीची क्वेरी योग्य इंडेक्स मिळाला की नेमके हेच करू शकते.

याचे मोल आकड्यांतच कळते. १० लाख नोंदींतली प्रत्येक जोडी तपासायची तर जोड्या होतात सुमारे ५० हजार कोटी. सेकंदाला १० लाख जोड्या या वेगाने जवळजवळ सहा दिवस. तेच पिन कोड आणि जन्मवर्ष यांच्या इंडेक्सवरून त्या नोंदींचे ५०-५० चे २० हजार गट पडले आणि तुलना गटाच्या आतच केली, तर जोड्या उरतात २ कोटी ४५ लाख, आणि काम अर्ध्या मिनिटाच्या आत संपते. या युक्तीला ब्लॉकिंग म्हणतात. तिची किंमत मात्र चुकवावी लागते. जे दोघे वेगळ्या गटांत पडले त्यांची भेट कधीच होत नाही. सुनीताबाईंच्या पहिल्या नोंदीला पुण्याचा पिन आहे आणि तिसरीला अकोल्याचा. या ब्लॉकिंगने त्या दोन नोंदी समोरासमोर येणारच नाहीत, पुढची तुलना कितीही हुशार असो. म्हणून कोणता इंडेक्स टाकायचा हा वरवर तांत्रिक दिसणारा प्रश्न खरे तर कोणाला कोणाच्या शेजारी बसू द्यायचे, असा आहे. त्याचे उत्तर यंत्र देत नाही. या पुस्तकात मला जे सांगायचे आहे त्याचा गाभा हाच.

या विद्येचा उगम संगणकाच्या आधीचा आहे. अमेरिकेत रॉबर्ट रसेल यांना १९१८ मध्ये साउंडेक्स पद्धतीचे पेटंट मिळाले. आडनावाचे पहिले अक्षर तसेच ठेवायचे, पुढच्या व्यंजनांना उच्चाराच्या जवळिकीनुसार आकडे द्यायचे आणि त्या आकड्यांच्या क्रमाने नोंदी लावायच्या. म्हणजे स्पेलिंग वेगळे असले तरी सारखी ऐकू येणारी आडनावे एकाच खणात येतात. १९४६ मध्ये हॅल्बर्ट डन यांनी कल्पना मांडली की जन्मापासून मृत्यूपर्यंत माणसाच्या ज्या सरकारी नोंदी होतात ती एका ग्रंथाची विखुरलेली पाने आहेत आणि ती एकत्र बांधणे हे आकडेवारी खात्याचे काम आहे. संगणकावर हे प्रथम मोठ्या प्रमाणावर करून दाखवले ते कॅनडातल्या हॉवर्ड न्यूकोम यांनी. ते आनुवंशिकतेचे अभ्यासक. ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या विवाहाच्या आणि जन्माच्या नोंदी जोडून कुटुंबे उभी करायची, असा त्यांचा प्रयत्न १९५९ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यांनी ओळखलेली एक गोष्ट आजही प्रत्येक चांगल्या पद्धतीच्या मुळाशी आहे: दुर्मीळ मूल्य जुळले तर पुरावा जड, सर्रास आढळणारे जुळले तर हलका.

महाराष्ट्रातल्या वाचकाला याचे उदाहरण शोधायला लांब जावे लागत नाही. आपल्याकडे एका पिढीतल्या असंख्य माणसांची कागदोपत्री जन्मतारीख १ जून आहे, कारण शाळेत नाव घालताना खरी तारीख घरी कोणाला ठाऊक नसे आणि गुरुजी १ जून लिहीत. सुनीताबाईंच्या दोन नोंदींत १ जून जुळली, यावरून जवळजवळ काहीच सिद्ध होत नाही. तिथे १७ सप्टेंबर असती तर गोष्ट वेगळी होती. परदेशी सॉफ्टवेअर जन्मतारखेला सरसकट मोठे वजन देते, आणि ते वजन इथे तसेच ठेवले तर दोन वेगळ्या सुनीता जाधव एक होऊन बसतात.

न्यूकोम यांच्या अनुभवाला गणिताची बैठक दिली इव्हान फेलेगी आणि ॲलन संटर यांनी, १९६९ मध्ये. प्रत्येक रकान्यासाठी दोन शक्यता काढायच्या: नोंदी खरोखर एकाच माणसाच्या असतील तर हा रकाना किती वेळा जुळेल, आणि वेगळ्या माणसांच्या असतील तर योगायोगाने किती वेळा. या दोहोंच्या गुणोत्तरातून वजन, आणि वजनांच्या बेरजेवरून निर्णय. त्यांच्या मांडणीतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग म्हणजे मधला पट्टा. एका मर्यादेवर ‘एकच’, दुसऱ्या मर्यादेखाली ‘वेगळे’, आणि मधल्या जोड्या माणसाने पाहायच्या. संभाव्यतेच्या या शास्त्राने माणसाच्या नजरेला पद्धतीच्या आतच जागा ठेवली.

साधारण त्याच काळात दुसरे एक घराणे उभे राहत होते. आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी १९७० मध्ये रिलेशनल मॉडेल मांडले. त्यात टेबल म्हणजे गणितातला संच, आणि संचात एकच घटक दोनदा नसतो. दुबार ओळ ही चूक नव्हे, ती संभवतच नाही. पुढे आलेल्या एसक्यूएलने व्यवहारासाठी हा नियम सैल केला आणि दुबार ओळी चालवून घेतल्या. कॉड आणि त्यांचे सहकारी ख्रिस डेट यांनी त्यावर सातत्याने टीका केली. व्यवहारात त्या शिस्तीचा वारसा युनिक इंडेक्सकडे आला. नवे मूल्य आपल्या क्रमातल्या जागी बसायला जाते, तिथे तेच मूल्य आधी बसलेले असेल तर डेटाबेस नोंद नाकारतो. प्रोग्रॅममध्ये ‘आधी शोध, नसेल तर घाल’ असे लिहून हे साधत नाही, कारण एकाच क्षणी दोन खिडक्यांवर तीच नोंद भरली गेली तर दोघांनाही ‘नाही’ असेच उत्तर मिळते आणि दोन्ही नोंदी आत जातात. ही फट युनिक इंडेक्स बुजवतो. पोस्टग्रेसमध्ये २०१६ च्या सुरुवातीला, ९.५ या आवृत्तीत, ‘ऑन कॉन्फ्लिक्ट’ ही सोय आली आणि नाकारण्याऐवजी आहे ती नोंद अद्ययावत करणेही त्याच पावलात शक्य झाले.

पहिले घराणे साम्य मोजते, दुसरे समानता लादते. पुढच्या काळात या दोहोंना जोडणारे काम झाले. १९९५ मध्ये मॉरिसिओ हर्नांडेझ आणि साल्व्हतोर स्टॉल्फो यांनी नोंदी एका किल्लीनुसार लावून त्यांवरून ठरावीक रुंदीची खिडकी सरकवण्याची पद्धत मांडली. किल्ली बदलून हेच पुन्हा-पुन्हा करायचे आणि निकाल एकत्र करायचे, म्हणजे एका क्रमात लांब पडलेले दुसऱ्या क्रमात जवळ येतात. आंद्रेई ब्रोडर यांनी १९९७ मध्ये वेब पानांसाठी मिनहॅश आणले, आणि सारखेपणाच हॅशमध्ये उतरवण्याची वाट खुली झाली. पवईच्या आयआयटीतल्या सुनीता सरावगी यांनी अनुराधा भमिदिपती यांच्याबरोबर २००२ मध्ये दाखवले की ज्या जोड्यांबद्दल यंत्राला सर्वाधिक संभ्रम आहे नेमक्या त्याच माणसाला विचारल्या, तर थोडक्या उत्तरांतून ते दुबार ओळखायला शिकते. आजची स्प्लिंकसारखी खुली साधने, ब्रिटनच्या न्याय मंत्रालयात तयार झालेली, फेलेगी-संटर यांचेच गणित एसक्यूएलमधून चालवतात.

देवनागरीच्या बाबतीत थोडे थांबून बोलायला हवे, कारण या विषयावरच्या इंग्रजी पुस्तकांत ते मिळत नाही. कुऱ्हाडे हे आडनाव घ्या. त्यातला अर्धा ‘र’ हा ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराला हलन्त लावून टंकता येतो, किंवा साधा ‘र’, हलन्त आणि एक न दिसणारे जोडचिन्ह वापरूनही. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, छापूनही सारखे येतात; आत साठवलेले बाइट वेगळे असतात, आणि युनिक इंडेक्स बाइट पाहतो. ‘ॲ’चेही तसेच: तो एका सांकेतिक क्रमांकाने लिहिता येतो आणि ‘अ’वर चंद्र देऊनही, आणि युनिकोडची प्रमाणीकरणाची सोय या दोहोंना एक मानत नाही. त्यामुळे वकिलांच्या यादीत ‘ॲड.’ने सुरू होणारी दोन नावे डोळ्यांना एक आणि डेटाबेसला दोन असू शकतात. साउंडेक्स इथे मदतीला येत नाही. ते इंग्रजी स्पेलिंगवर चालते आणि ‘डब्ल्यू’ गाळते, पण ‘व्ही’ मोजते. म्हणून भागवत हे आडनाव एका स्पेलिंगने बी-२३० होते आणि दुसऱ्याने बी-२१३. सुनीताबाईंचे जाधव पुण्यात जे-३१०, अकोल्यात जे-३००. ज्या पद्धतीचा जन्मच स्पेलिंगमधले फरक पुसण्यासाठी झाला, ती आपल्या नावांवर असे फरक वाढवते.

याहून मोठा प्रश्न बायकांच्या नावांचा. लग्नानंतर मधले नाव आणि आडनाव दोन्ही बदलतात, काही घरांत पहिले नावही. आडनावावर आधारलेला कोणताही इंडेक्स माहेरची नोंद आणि सासरची नोंद शेजारी आणू शकत नाही. परिणामी तुटलेल्या नोंदींचा भार पुरुषांपेक्षा बायकांवर जास्त पडतो: जुने उपचार, जुने खाते, जुनी गुणपत्रिका मागे राहते. आधारची रचना करताना नावांवर न विसंबता बोटांचे ठसे आणि बुबुळे यांवर भिस्त ठेवली गेली आणि प्रत्येक नवी नोंदणी आधीच्या सर्व नोंदींशी ताडून पाहायची ठरले, त्यामागे नावांची ही अस्थिरता होतीच. सप्टेंबर २०१० मध्ये पहिला आधार क्रमांक दिला गेला तो नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात. पण छोट्या संस्थेकडे बुबुळे नसतात. तिच्याकडे नाव, गाव आणि फोन असतो, आणि हे पुस्तक तिच्यासाठी आहे.

क्रम हाच पाया असल्याचा सर्वांत झोंबणारा पुरावा २०१८ नंतर अनेकांना मिळाला. लिनक्समधल्या जीलिबसी या मूळ लायब्ररीच्या २.२८ आवृत्तीने शब्दांचा वर्णक्रम लावण्याचे नियम बदलले. पोस्टग्रेसचे मजकुरावरचे इंडेक्स त्या जुन्या नियमांनी लावलेले होते. ऑपरेटिंग सिस्टिम अद्ययावत झाली, डेटा जागेवरच राहिला, आणि शोध नव्या नियमाने जुन्या क्रमात सुरू झाला. असलेले मूल्य ‘नाही’ म्हणून परत येऊ लागले, आणि युनिक इंडेक्स शाबूत दिसत असतानाच त्याच्याखाली दुबार नोंदी शिरल्या. अशा वेळी दुबार शोधणारी क्वेरीसुद्धा त्या इंडेक्सवरून चालवून उपयोग नसतो. इंडेक्स वगळून टेबल वाचायचे, दुबार काढायचे, मगच इंडेक्स नव्याने बांधायचा.

काढण्याबद्दल बहुतेक मार्गदर्शक फार घाईने बोलतात. ‘रो नंबर’ने गटात क्रमांक द्या, पहिला ठेवा, बाकीचे डिलीट करा. ही क्वेरी चार ओळींची आहे आणि सुनीताबाईंच्या तीन नोंदींवर चालवली तर पेनिसिलिनचा शेरा पुसला जाईल. मायएसक्यूएलमध्ये पूर्वी ‘ऑल्टर इग्नोर टेबल’ अशी आज्ञा होती: युनिक इंडेक्स लावताना आड येणाऱ्या ओळी ती गुपचूप टाकून द्यायची. ५.७ या आवृत्तीच्या तयारीत ती काढून टाकली, हे फार बरे झाले. जोडणे म्हणजे आधी प्रत्येक रकान्यातली ग्राह्य माहिती राहणाऱ्या नोंदीत आणणे, मग भेटी, बिले, तपासण्या अशा पोरटेबलांतल्या ओळी तिच्या आयडीकडे वळवणे, जुन्या आयडीवरून नव्या आयडीकडे नेणारी नोंद कायमची ठेवणे, आणि शेवटी डिलीट. पोरटेबलांत ‘ऑन डिलीट कॅस्केड’ असेल आणि वळवण्याचे काम राहून गेले, तर एका ओळीबरोबर तिचा सगळा इतिहास जातो. तसेच पोस्टग्रेस फॉरेन कीच्या रकान्यावर आपण होऊन इंडेक्स बांधत नाही. तो नसेल तर प्रत्येक डिलीटमागे पूर्ण पोरटेबल वाचले जाते आणि रात्रीत व्हायचे काम आठवडाभर चालते.

चुकीच्या जोडणीकडे मी या पुस्तकात हुकलेल्या जोडणीपेक्षा जास्त लक्ष दिले आहे. दोन नोंदी सुट्या राहिल्या तर त्या उद्याही जोडता येतात. दोन माणसे एक झाली आणि जुन्या आयडींची नोंद ठेवली नाही, तर कोणती तपासणी कोणाची हे पुन्हा वेगळे करता येत नाही. आणि लाभार्थ्यांच्या यादीत असे घडले तर एका घराचे धान्य किंवा पेन्शन बंद होते आणि आपले नाव का गेले हे त्या माणसाला कोणी सांगू शकत नाही.

हा विषय आज तातडीचा का, याचे एक उत्तर याच शेवटच्या वाक्यात आहे. पैसे थेट खात्यात जातात, मतदार याद्यांतल्या दुबार नावांवरून वाद होतात, आणि नाव ठेवायचे की वगळायचे हे बऱ्याचदा कुठल्यातरी क्वेरीने पुढे केलेल्या यादीवरून ठरते. दुसरे उत्तर कायद्याचे: २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माणसाला आपली माहिती दुरुस्त करून घेण्याचा आणि पुसून घेण्याचा हक्क दिला. ज्या संस्थेला एका माणसाच्या तीन नोंदी आहेत हेच ठाऊक नाही, ती एक पुसून दोन ठेवते. तिसरे उत्तर भाषेच्या मॉडेलांचे. गूगलच्या संशोधकांना प्रशिक्षणाच्या एका प्रसिद्ध संग्रहात ६१ शब्दांचे एकच इंग्रजी वाक्य ६० हजारांहून अधिक वेळा आढळले. दुबार मजकूर काढल्यावर मॉडेलने पाठ केलेले जसेच्या तसे ओकण्याचे प्रमाण सुमारे दहापट घटले. मराठी मजकूर मुळात थोडा. त्यात तेच पान पुन्हा-पुन्हा मोजले गेले, तर आपली भाषा आहे त्याहूनही अरुंद दिसेल.

या पुस्तकात मी अचूक समानतेपासून सुरुवात करून हळूहळू साम्याकडे गेलो आहे, आणि प्रत्येक टप्प्यावर कोणता इंडेक्स कोणता शेजार निर्माण करतो हे उघडून दाखवले आहे: साधा बी-ट्री, प्रमाणित केलेल्या नावावरचा एक्स्प्रेशन इंडेक्स, फक्त चालू नोंदींवरचा पार्शल युनिक इंडेक्स, तीन-तीन अक्षरांच्या तुकड्यांवरचा ट्रायग्रॅम. रिकाम्या रकान्यांना वेगळे प्रकरण द्यावे लागले, कारण पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल दोन रिकाम्या मूल्यांना वेगळे मानतात, एसक्यूएल सर्व्हरच्या युनिक इंडेक्समध्ये एकच रिकामे मूल्य चालते, आणि पोस्टग्रेसच्या १५ व्या आवृत्तीपासून ही निवड आपल्याला करता येते. वेक्टर इंडेक्स आणि न्यूरल पद्धतींवर मी थोडक्यात लिहिले आहे. त्या झपाट्याने बदलत आहेत, आणि हजारो नोंदींच्या संस्थेला त्यांची गरज क्वचितच लागते.

वाचकाला साधी ‘सिलेक्ट’ क्वेरी आणि ‘जॉइन’ येत असावे, एवढीच अपेक्षा. उदाहरणे पोस्टग्रेसवर चालवलेली आहेत आणि मायएसक्यूएलमध्ये जिथे फरक पडतो तिथे तो सांगितला आहे. सरावाच्या टेबलातली सगळी नावे रचलेली आहेत, पण त्यांतले घोळ खरे आहेत: आडनाव पुढे-मागे, राव आणि बाई जोडलेले, माहेर-सासर, १ जून. पहिल्या सरावात मधल्या पट्ट्यातल्या दोनशे जोड्या दिल्या आहेत. त्या कोणतीही क्वेरी लिहिण्याआधी, कागदावर, स्वतःच्या नजरेने ‘एकच’ किंवा ‘वेगळे’ अशा लावून पाहाव्यात, आणि शक्य असल्यास शेजारच्या सहकाऱ्यालाही वेगळ्या कागदावर लावायला सांगाव्यात. जिथे दोघांची उत्तरे जुळत नाहीत त्या जोड्यांपासून पुढचे प्रकरण सुरू होते.